पगारे मॅडमचा उजवा पाय

नाशिकरोडला, जेल रोडच्या बाजूला, स्वतःच्या नावावर गाडीचं लायसन असलेल्या बायका मोजायला बसलं, तर त्यातल्या निम्म्या तरी कलावती पगारे यांच्या हाताखालून गेलेल्या निघतील. झुंबर अण्णांच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. पांढरी गाडी, टपावर पिवळा बोर्ड, स्टिअरिंगमागे घामाघूम झालेली एखादी नवशिकी आणि तिच्या डाव्या हाताला ताठ बसलेल्या पगारे मॅडम, हे चित्र त्या भागात इतकं अंगवळणी पडलं होतं, की गाडी येताना दिसली की भाजीवाले आपण होऊन हातगाडी दोन हात मागे घेत.

अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीसुद्धा क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारी गडबडली, तर शिकवणाऱ्याने गाडी आवरावी, एवढ्यासाठी. मॅडमनी ती गाडी एकोणीस वर्षं अशी आवरली होती, की तिला कधी साधा ओरखडा उठला नव्हता. नवीन बाई शिकायला आली की मॅडम तिला आधी गाडीभोवती एक फेरी मारायला लावत. "बघा नीट. कुठं पोचा दिसतो का?" बाई नाही म्हणे. "मग घाबरायचं कशाला? मी आहे ना शेजारी!"

मॅडमचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात होते. नवरा नवनाथ आज तिथेच, मेंटेनन्सला. मुलगी पायल पुण्यात नोकरीला लागलेली. बुद्धविहारामागच्या कॉलनीत दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. रविवारी वंदनेनंतर सतरंज्या कोणी उचलायच्या, मुलांच्या अभ्यासवर्गाला खडू कोण आणणार, हे सगळं मॅडमच ठरवत, आणि ठरवून झालं की बहुतेक वेळा स्वतःच करूनही टाकत. बायका म्हणत, कलाताई आहे म्हणून चाललंय. मॅडमना ते ऐकायला आवडे.

त्या वर्षी अण्णांचे गुडघे पार गेले आणि त्यांनी स्कूलचा कारभार नातीकडे, दिशाकडे सोपवला. दिशा चोवीस वर्षांची. फ्रॉकमध्ये असल्यापासून मॅडमनी पाहिलेली पोरगी. तिने आल्याआल्या भिंतींना रंग दिला, पाण्याचा कूलर बदलला, आणि जुलैमध्ये एक दिवस शिकवणाऱ्या दोघांच्याही हातात एकेक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, स्व-मूल्यमापन. माझ्यात चांगलं काय आहे? मी कुठे कमी पडते किंवा पडतो?

"हे आपल्यातच राहील," दिशा म्हणाली. "मनापासून लिहा."

दुसरे शिकवणारे वाल्मीक. पूर्वी गॅरेजमध्ये वायरिंगचं काम करायचे. कमी बोलणारे, आळशी म्हणावेत असे. विद्यार्थी गाडी चालवत असताना हे आपले खिडकीतून बाहेर बघत. कधीकधी तर मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत. त्यांनी कमी पडण्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'मोबाईल', आणि कागद परत दिला.

मॅडमनी मात्र कागद घरी नेला. जेवणं झाल्यावर चष्मा लावून बसल्या. चांगल्या बाजूला सात ओळी झाल्या. दुसऱ्या बाजूला पेन बराच वेळ अडकलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझा आवाज जरा मोठा आहे.'

"बरोबर आहे का हो?" त्यांनी नवऱ्याला वाचून दाखवलं.

"आवाज मोठाच आहे," नवनाथ म्हणाले.

"आणि अजून काही?"

नवनाथांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या पहिली पाळी आहे मला," म्हणाले आणि झोपायला गेले.

दिशा तेवढ्यावर थांबली नाही. गेल्या दोन वर्षांत जेवढे लोक शिकून गेले, त्या सगळ्यांना तिने स्वतः फोन केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुम्ही आता गाडी चालवता का?

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिने मॅडमना आत बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत टेबलावरची पेनं सारखी करत राहिली. मॅडमना वाटलं, पोरीला काही अडचण आहे.

"बोल गं, काय झालं?"

"मॅडम, तुमच्याकडे चौसष्टजणी शिकल्या. बासष्ट पहिल्या फटक्यात पास. वाल्मीककाकांचे अठ्ठावन्न, त्यातले नऊ नापास."

"मग? मी काय म्हणत होते! त्याचं लक्षच नसतं."

"पण आज गाडी चालवतात किती, ते विचारलं मी." दिशाने कागद त्यांच्याकडे सरकवला. "काकांचे तेहतीस. तुमच्या तेरा."

मॅडमनी आकडा पुन्हा पाहिला. तेराच होता.

"अगं, नवरे देत नसतील चावी! सासरचे नाही म्हणत असतील. बायकांचं कसं असतं तुला काय माहिती."

"काकांकडेही बायकाच आहेत निम्म्या," दिशा हळू आवाजात म्हणाली. "मॅडम, मी तुम्हाला बोल लावत नाहीये. मलाच कळत नाहीये असं का."

चहा तसाच राहिला. मॅडम उठून बाहेर आल्या आणि रोजच्या गाडीकडे न जाता थेट स्कूटीकडे गेल्या. डोक्यात एकच घुमत होतं, त्या वाल्मीकचे तेहतीस! हातात तसाच राहिलेल्या दिशाच्या कागदावरची नावं त्यांनी वाचली. त्यात एक नाव होतं अंबूबाई, मानूरची. ही बाई न चालवणाऱ्यांच्या यादीत असणं शक्यच नव्हतं. अंबूबाईसारखी धीट विद्यार्थिनी मॅडमनी पाहिली नव्हती. दिशाच काहीतरी चुकली असणार.

मानूर गोदावरीच्या पलीकडे. पूल ओलांडला की भाजीपाल्याची आणि फुलांची शेतं लागतात. अंबूबाईचा झेंडू आणि शेवंतीचा दीड एकराचा मळा होता. घरचा छोटा टेम्पो होता. नवरा बहिरू तो चालवून पहाटे पंचवटीतल्या फुलबाजारात माल न्यायचा. वर्षामागे त्याच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तेव्हा पन्नाशीला आलेली अंबूबाई शिकायला आली होती.

टेम्पो गोठ्याशेजारी उभा होता. टपावर वाळत घातलेली गोधडी होती आणि बॉनेटवर कोंबडी बसलेली.

"या म्याडम, या!" अंबूबाई खुरपं टाकून धावत आली. पाणी दिलं, गूळशेंगदाणे पुढे ठेवले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मॅडमनी टेम्पोकडे बोट केलं.

"हे काय, अंबूबाई? चालवत नाही?"

अंबूबाई हसली, पदर सारखा केला. "नाय म्याडम. शेजारच्याच्या गाडीत जातो माल. तो निघंल तवा निघायचं. कदी कदी बाजार उठल्यावर पोचतो."

"पण तुम्ही तर किती छान चालवत होता! बहिरूभाऊ देत नाहीत का गाडी?"

बहिरू ओट्यावर बसून सुतळी वळत होता. तो तिथूनच म्हणाला, "मी तर रोज सांगतो, ने म्हणून. तीच नाय म्हणती."

"का?"

अंबूबाईने हाताची माती झटकली. "राग नाय ना यायचा?"

"नाही येणार. बोला."

"म्याडम, मी गाडी चालवतच नव्हते. तुमी चालवत व्हत्या." तिने स्वतःचा उजवा पाय उचलून दाखवला. "लायसन मिळालं, तवा ह्या टेम्पोत बसले. गेटापतुर नेला. समोर म्हस आली. माझा पाय जागचा हलंना. मला वाटलं, आता गाडी थांबंल. थांबली नाय. म्हस आपली आपण बाजूला झाली म्हणून बरं. तवा कळलं मला, की बिरेक कवा मारायचा, हे मी शिकलेच नाय. बिरेक कायम तुमीच मारत व्हत्या. मला मारायची पाळीच कदी आली नाय."

"असं कसं? अगदीच गरज पडली तरच मारते मी."

"असंल बाई," अंबूबाई म्हणाली. "तुमाला ठावं."

त्या मऊ बोलण्याने मॅडमना जास्त लागलं. परत येताना पुलावर त्यांनी स्कूटी बाजूला घेतली आणि कठड्यापाशी उभ्या राहिल्या. खोटं बोलायचं अंबूबाईला काही कारण नव्हतं. पण मॅडमही खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या दिवसातून चारपाच वेळा ब्रेक मारत असतील. दोघींतलं खरं कोणाचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट चिडूनच वाल्मीकना सांगितली. वाटलं होतं, निदान तो तरी म्हणेल, खेड्यातल्या बाईचं काय मनावर घेता. वाल्मीकनी मोबाईल खाली ठेवला.

"मोजून बघू ना ताई," ते म्हणाले. "भांडायचं कशाला?"

तासाभरात त्यांनी कुठल्याशा जुन्या टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न आणला, मॅडमच्या बाजूच्या ब्रेकखाली एक बटण बसवलं आणि वायर जोडून दिली. मॅडमचा पाय ब्रेकवर जरा जरी दाबला गेला, की पिप्! मॅडम म्हणाल्या, बसवा खुशाल, कळू दे एकदाचं.

पुढच्या सकाळी नऊला भाग्यश्रीचा तास होता. भाग्यश्री उपनगरच्या एका शाळेत शिकवायची. तिचा हा नववा दिवस. दिशा वही घेऊन मागच्या सीटवर बसली.

गाडी निघाली. पन्नास पावलांवर गतिरोधक. पिप्! पुढे एक सायकलवाला, चांगला लांब. पिप्! डावीकडच्या गल्लीतून रिक्षाचं तोंड दिसलं. पिप्! कुत्रं रस्त्यापलीकडे झोपलेलं होतं, ते उठायच्या बेतातही नव्हतं. पिप्! भाग्यश्रीला पहिल्यांदा हसू आलं, मग तिने ओठ घट्ट मिटले. मॅडम समोर बघत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी ठरवलं, आता मुळीच पाय लावायचा नाही. आणि त्याच क्षणी, पिप्! पाय त्यांना विचारतच नव्हता. तो आपला आपण जात होता आणि हॉर्न वाजल्यावर त्यांना समजत होतं.

अर्ध्या तासानंतर गाडी स्कूलपाशी आली. दिशाने वहीतल्या रेघा मोजल्या. "एक्केचाळीस."

"आणि त्यातल्या खरंच लागणाऱ्या किती?" मॅडमनी विचारलं.

दिशाने भाग्यश्रीकडे पाहिलं. भाग्यश्री म्हणाली, "मॅडम, दोन. एक त्या टँकरपाशी आणि एक चौकात. बाकीच्या वेळी मी मारणारच होते. पण माझा पाय जाईपर्यंत गाडी थांबलेली असायची. मला वाटायचं, मीच उशीर करते. म्हणजे माझ्याच पायात काहीतरी कमी आहे."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मॅडम खाली उतरल्या. कूलरचं पाणी प्यायल्या. आणखी एक ग्लास प्यायल्या. चौसष्ट बायका आपल्यापाशी आल्या आणि त्यातल्या पन्नासएकजणी स्वतःच्या पायावरचा भरवसा घालवून गेल्या, हे एकदम अंगावर आलं. धीट बायकांना आपण भित्रं करून पाठवलं होतं, आणि वर त्यांना पोचा न आलेली गाडी दाखवत होतो.

वाल्मीक शेजारी येऊन उभे राहिले. "ताई, कधीपासून लागली ही सवय?"

मॅडमना नेमका दिवस आठवत होता. नोकरीचा दुसरा आठवडा. एक नवशिकी मुलगी, शाळा सुटायची वेळ. रस्ता ओलांडणारं दप्तरवालं पोर पाहून त्या मुलीने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला होता. मॅडमचा पाय ब्रेकवर पडला आणि गाडी त्या पोराच्या गुडघ्यापासून टीचभर अंतरावर थांबली. पोर हसत निघून गेलं. मॅडम दोन रात्री झोपल्या नव्हत्या. तेव्हापासून पाय पहाऱ्यावर बसला होता, तो उठलाच नव्हता. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वाल्मीकना सांगितलं.

"तेव्हा बरोबरच केलं तुम्ही," वाल्मीक म्हणाले. "पण ते पोर आता लग्नाला आलं असेल हो."

मॅडमना हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरले.

त्या संध्याकाळी त्यांनी पायलला फोन लावला. आधी डबा काय नेलास, खोलीत पंखा दुरुस्त झाला का, असली चौकशी झाली. मग म्हणाल्या, "पायल, एक विचारते. मी तुझ्या मध्येमध्ये करायचे का गं?"

पायल म्हणाली, "आई, खरं सांगू? चिडायचं नाही."

"नाही चिडत."

"दवाखान्यात डॉक्टर मला विचारायचे, काय होतंय बाळा? आणि उत्तर तू द्यायचीस. दहावीपर्यंत. कॉलेजच्या खिडकीवर मी रांगेत उभी राहायचे आणि बोलायची वेळ आली की तू मागून हात घालून फॉर्म पुढे करायचीस. पुण्यात आले तेव्हा पहिल्या महिन्यात बँकेत गेले होते. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, काय काम आहे? आणि मी मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तू प्रेमानंच करायचीस ना. आणि आता येतं मला बोलता. रडू नकोस हं."

"रडत नाहीये," मॅडम म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज पुण्यापर्यंत गेला.

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या, तर नवनाथ चहाचं पातेलं मांडत होते. मॅडमचा हात सवयीने पातेल्याकडे गेला. मध्येच थांबला. नवनाथांनी पाहिलं. त्यांनी साखर जरा जास्तच घातली, चहा उतू गेला, ओट्यावर डाग पडला. मॅडम स्टुलावर बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"तो कागद वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही पहिल्या पाळीचं निमित्त करून पळालात," त्या म्हणाल्या.

"मग काय करू? तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस," नवनाथ कप पुढे करत म्हणाले. आणि मग घाईघाईने, "पण चहा कसा झालाय ते सांग."

चहा पाकासारखा झाला होता. मॅडम तो पूर्ण प्यायल्या.

आता चूक कळली म्हणजे ती गेली, असं होत नाही. मॅडमनी पुढचे सहा आठवडे त्या पायाशी झुंज घेतली. चपला काढून बसल्या, पाय सीटखाली दुमडून बसल्या, ब्रेकसमोर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर पाय टेकवला. वाल्मीकनी सांगितलं, ठोकळा नको ताई, खरी वेळ आली तर पाय पोचला पाहिजे. मग त्यांनी ठोकळा काढला आणि ब्रेकपासून वीतभर अलीकडे रबराच्या चटईवर खडूने पाऊल काढलं. पाय तिथे ठेवायचा. तिथून ब्रेकपर्यंत जायला लागणाऱ्या वेळात डोक्याने विचार करायचा, ही गरज आहे की माझी धास्ती? एक्केचाळीसचे तीस झाले, तीसचे बावीस. मध्येच एका मंगळवारी पुन्हा अडतीस झाले. त्या दिवशी मॅडमनी दिशाला सांगितलं, माझ्याच्यानं व्हायचं नाही, मला ऑफिसात बसव. दिशाने वही पुढे केली. "गेल्या गुरुवारी चौदा होते मॅडम."

आणि मग ओरखडा उठला. मोकळ्या मैदानावर भाग्यश्री गाडी मागे घेत होती. खांब आरशात दिसत होता, मॅडमनाही आणि तिलाही. गाडी मुंगीच्या चालीने मागे जात होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मॅडमनी पाय खडूच्या पावलावरच दाबून धरला. भाग्यश्रीने ब्रेक मारला, पण क्षणभर उशिरा. खर्रर्र आवाज आला.

दोघी उतरून मागे गेल्या. बंपरवर बोटभर लांब रेघ.

"अरे देवा! मॅडम, तुमची एकोणीस वर्षं..." भाग्यश्रीने तोंडावर हात घेतला.

मॅडमनी रेघेवरून बोट फिरवलं. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. "आता सांगा, ब्रेक कधी मारायला हवा होता?"

"आवाजाच्या आधी," भाग्यश्री म्हणाली आणि दोघी खोखो हसत सुटल्या. त्यानंतर भाग्यश्रीने त्याच खांबापाशी अकरा वेळा गाडी मागे घेतली, आणि अकराही वेळा खांबाला धक्का न लावता थांबवली.

त्याच आठवड्यात मॅडम मानूरला गेल्या. दसरा आठ दिवसांवर आला होता, शेतात झेंडू पिवळाधमक फुलला होता.

"अंबूबाई, तुमचं बरोबर होतं," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "ब्रेक मीच मारत होते. एक्केचाळीस वेळा मारत होते, मोजलेत. माझ्यामुळे तुमचं शिकणं अर्धं राहिलं. ते पुरं करायला आलेय. या टेम्पोत माझ्या बाजूला ब्रेकच नाही, म्हणजे बरंच झालं."

अंबूबाईने टपावरची गोधडी ओढून काढली, कोंबडी हाकलली. चावी फिरवली, तर बॅटरी उतरलेली. बहिरूने आणि शेजारच्या मंगळूने ढकलून टेम्पो सुरू करून दिला आणि बॅटरी भरायला तो अर्धा तास तसाच चालू ठेवला. गेटातून बाहेर पडताना मागचा फाळका खांबाला घासला. बहिरू ओरडला, "जाऊ द्या! जाऊ द्या! खांब जुनाच हाय!"

मॅडम डाव्या सीटवर बसल्या होत्या आणि पायाखाली नुसता पत्रा होता. पुलाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला. अंबूबाईचा टेम्पोही थांबला आणि बंद पडला. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. अंबूबाईने घाबरून पाय उचलले, तसा टेम्पो हळूच मागे सरकायला लागला. मॅडमचा उजवा पाय पत्र्यावर इतक्या जोराने दाबला गेला, की पोटरीत गोळा आला. तोंडातून शब्द येणार होता, तो त्यांनी गिळला.

अंबूबाईने क्षणभर शेजारी पाहिलं. तिथून काही मदत येत नाही म्हटल्यावर तिने समोर पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर बसला. टेम्पो थांबला. मग हँडब्रेक, मग चावी, मग क्लच हळूहळू सोडत ती पुटपुटली, "चल माजी माय, चल." टेम्पोने एक हिसका दिला आणि चढ चढून गेला.

पूल उतरल्यावर तिने गाडी बाजूला घेतली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"म्याडम, थांबला वो! म्या थांबवला!"

"मग काय, मी थांबवला?" मॅडम पोटरी चोळत म्हणाल्या. "मला इथं कोण विचारतंय."

त्या आठवड्यात त्या दोघी रोज सकाळी पुलावरून जाऊन आल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंबूबाई झेंडूच्या बारा क्रेट घेऊन बाजारात एकटीच गेली. मॅडमनी येऊ का म्हणून फोन केला होता. ती म्हणाली होती, "नका येऊ. तुमी आलात का मी तुमच्याकडं बघते." मॅडमना हे ऐकून आधी टोचलं, आणि मग दिवसभर त्या प्रत्येकाला तेच वाक्य कौतुकाने सांगत फिरल्या.

दिवाळीनंतर मॅडमनी यादीतल्या बाकीच्या बायकांना एकेक करून फोन करायला घेतला. काहींनी नको म्हटलं, काहींच्या गाड्या विकून झाल्या होत्या. एकीने स्पष्ट सांगितलं, आता तुमच्याकडे नको, वाल्मीकसरांकडे शिकेन. मॅडमनी स्वतः वाल्मीकचा नंबर दिला. पण सतराजणी पुन्हा आल्या. वाल्मीकही बदलले होते थोडे. त्यांच्या नापासांचा आकडा दिशाने एकदा मोठ्याने वाचून दाखवल्यापासून मोबाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात राहू लागला होता.

शाळेमुळे लांबत गेलेला भाग्यश्रीचा शेवटचा तास डिसेंबरातल्या एका गारठ्याच्या सकाळी होता. ती एकलहरे रस्त्याने जाऊन परत आली. हॉर्न तीनदा वाजला. त्यातला एक दुभाजकावरून उडी मारलेल्या कुत्र्यासाठी होता आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. गाडी बंद करून भाग्यश्रीने पट्टा सोडला. हल्ली मॅडम प्रत्येकीला शेवटी विचारत, तेच तिलाही विचारलं.

"माझं काय चुकतंय अजून? न लाजता सांगायचं."

भाग्यश्रीने चावी हातात खेळवली. "पाय आता छान थांबतो मॅडम. पण..."

"पण काय?"

"पाय थांबल्यापासून तुम्ही बोलता फार. आता आरसा बघा, आता गिअर बदला, तो बघा सायकलवाला. मला सगळं दिसत असतं. पण ते तुमच्या तोंडून ऐकेपर्यंत मी वाट बघत बसते."

काहीतरी सांगायला मॅडमचे ओठ हलले आणि मिटले. मग त्यांनी पर्समधून वही काढली, नव्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहून घेतलं.

भाग्यश्री उतरली, तेव्हा बाहेर पुढच्या तासाची बाई येऊन उभी होती. चाळिशीची, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरलेली. मॅडमनी खिडकीची काच खाली केली.

"या, बसा," त्या म्हणाल्या. आणखी काही न बोलता ती बाई आपली आपण सीट पुढे ओढेपर्यंत थांबल्या.